गोठलेल्या धबधब्यावरील आरोहण

पावसाळ्यांत आंबोलीच्या घाटांत कोसळणारा धबधबा आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. तोच प्रवाह पडतां पडतां थिजून उभा राहिला आहे, अशी कल्पना करा. हिमाचलांतील स्पितीच्या खोऱ्यांत हिवाळ्यांत असे प्रवाह गोठतात, आणि त्यांवर चढून जाण्याचा खेळ आपल्या देशांतहि अलीकडे रुजूं लागला आहे. त्याचा आरंभ कसा करावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

सह्याद्रीच्या कातळावर ज्याचा हात बसला आहे, त्याला हें काम सहज साधेल असें वाटतें. पण कातळ काल होता तसाच आज असतो. बर्फाचें तसें नाहीं. सकाळीं भक्कम असलेला खांब दुपारच्या उन्हांत ओघळूं लागतो, आणि थंडी फार कडक पडली तर तेंच बर्फ कांचेसारखें ठिसूळ होतें. शून्याखालीं चार-पांच अंश हा सुमार नवशिक्याला सोयीचा. निळसर बर्फ बहुधा घट्ट असतें; पांढुरक्या बर्फांत हवा कोंडलेली असते. कुऱ्हाडीचा घाव पोकळ वाजला, तर तेथें भार टाकूं नये.

पूर्वीं कुऱ्हाडीनें पायऱ्या खोदीत चढावें लागे. १९०८ सालीं ऑस्कर एकेनस्टाईन ह्या इंग्रज गिर्यारोहकानें बुटाखालीं बांधावयाच्या दहादांती क्रॅम्पनची रचना कल्पिली व कूरमायर गांवच्या आंरी ग्रिव्हेल ह्या लोहारानें ते घडविले. १९२९ मध्यें लोरां ग्रिव्हेलनें त्यांना पुढें दोन दांत जोडले. त्या दोन दांतांचें मोल १९३८ सालीं आयगरच्या उत्तर कड्यावर दिसून आलें. हारर व कास्पारेक आधीं निघाले होते. पण हाररपाशीं क्रॅम्पनच नव्हते, व कास्पारेकचे जुन्या दहादांती धर्तीचे होते. मागून निघालेल्या हेकमायर व फ्योर्ग ह्यांनीं बारादांतीच्या बळावर त्यांना गांठलें. पुढें चौघेहि एका दोरावर शिखरास पोंचले.

हा खेळ हातांचा आहे, ही समजूत मात्र घातक आहे. भार पायांवरच हवा. पुढचे दांत बर्फांत रोवावे व टाच किंचित् खालीं ठेवावी. टाच उचलली कीं दांत उचकटून निघतात. कुऱ्हाड फुगवट्यावर मारली, तर बर्फाची थाळीएवढी कपची उडते. म्हणून खोलगट जागा हेरावी. मूठ घट्ट आवळणाऱ्याचे हात लवकर बधिर होतात, आणि रक्त परत वाहूं लागलें म्हणजे अशी कळ येते कीं, धिप्पाड गडीहि विव्हळतो! ती कांहीं मिनिटांत ओसरते.

बर्फांत पोकळ नळीसारखे स्क्रू पिळून त्यांत दोर अडकवितात, व चांगल्या बर्फांत ते दणकट बसतात. तरीहि ह्या खेळांत पडणें टाळावयाचेंच असतें. पडतांना क्रॅम्पनचा दांत अडकला, तर घोटा मोडतो. म्हणून प्रारंभीं दोर नेहमीं वरून बांधलेला असावा, उतार साठ अंशांच्या आसपासचा असावा, आणि दोर सांभाळणारा सोबती अनुभवी असावा. अमेरिकेंत कोलोरॅडोमधील युरे गांवीं घळीच्या कांठावरून नळांनीं पाणी सोडून मुद्दाम बर्फाच्या भिंती तयार करतात. शिकणाऱ्यास ती सोय उत्तम. आपल्याकडे दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट (१९५४) व उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग (१९६५) ह्यांच्या प्राथमिक वर्गांत हिमनदीवर कुऱ्हाड व क्रॅम्पन वापरण्यास शिकवितात. माझ्या मतें साहित्य विकत घेण्यापूर्वीं हा वर्ग करावा.

स्पितींतील काझा ३,६०० मीटरपेक्षां उंच आहे. तेथें पोंचल्यावर अंगाला हवा मानवेपर्यंत कांहीं दिवस चढूं नये. धबधब्याच्या माथ्यावर ताजें हिम सांचलें असेल, तर हिमस्खलनाच्या भयानें माघारीं फिरावें. आणि कोणी वर चढत असतां त्याच्या सरळ रेषेखालीं कधींहि उभें राहूं नये. डोक्यावर शिरस्त्राण असलें तरीहि.