मूत्रकृच्छ्र आणि मूत्राघात : घरांत न बोललें जाणारें दुखणें

मीं चौतीस वर्षें शिक्षकाचें काम केलें. त्या काळांत रोज दहावीस करंगळ्या माझ्यासमोर वर होत आणि 'गुरुजी, एकी' असें म्हणून मुलें निःसंकोच बाहेर पळत. ज्या गोष्टीचा उच्चार करितांना दहा वर्षांच्या पोरांस कधीं लाज वाटली नाहीं, तिचा उच्चार करण्याची लाज मला त्रेसष्टाव्या वर्षीं वाटली. आणि ती जवळजवळ माझ्या जिवावर बेतली.

गेल्या वैशाखांत पवनीस एका आप्ताकडे लग्न होतें. आमच्या भंडारा जिल्ह्यांत वैशाखांतला पारा ४५ अंशांच्या आसपास खेळत असतो. त्यापूर्वीं दोन वर्षें मला रात्रीं तीनतीनदां उठावें लागत होतें. धार बारीक झाली होती, सुरू होण्यास वेळ लागे, आणि होऊन गेल्यावरही कांहीं शिल्लक राहिल्यासारखें वाटे. हें सारें मीं वयाच्या खात्यावर मांडून स्वस्थ बसलों होतों. लग्नघरीं नाक वाहूं लागलें म्हणून कोणीसें दिलेली सर्दीची गोळी घेतली, आणि भर मांडवांतून उठून जाणें बरें दिसेना म्हणून दुपारभर लघवी आवरून धरिली. रात्रीं गेलों तों एक थेंब उतरेना. ओटीपोट दगडासारखें टणक झालें. घरांतील वडील बायकांनीं मायेनें धने-जिऱ्याचें पाणी दिलें, मग जवाचें पाणी दिलें, मग पळसाच्या फुलांचा शेक केला. पाणी आंत जात होतें आणि बाहेरचें दार बंद! पहाटे चिरंजीवांनीं मोटारींत घालून भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नेलें. तेथें नळी घालून मूत्र काढिलें तें ९०० मिलिलिटर भरलें. मूत्राशयांत सामान्यतः ४०० ते ५०० मावतें, हें मला तेव्हां कळलें. काव्यांतील सुखाचीं वर्णनें मीं वर्गांत पुष्कळ सांगितलीं आहेत. त्या पहाटेच्या सुखापुढें तीं सारीं फिकीं होत.

घरीं परतल्यावर कपाटांतील सुश्रुतसंहिता काढिली. उत्तरतंत्राच्या ५८ व्या अध्यायांत मूत्राघात सांगितला आहे, आणि मूत्रकृच्छ्र त्यापुढील ५९ व्यांत. दोन व्याधी, दोन स्वतंत्र अध्याय. टीकाकार भेद असा सांगतात कीं, कृच्छ्रांत वेदना फार आणि अडथळा थोडा. आघातांत अडथळा फार आणि वेदना त्या मानानें थोडी. आपल्या घरगुती भाषेंतही हा भेद आहेच. एकास आपण 'उन्हाळी लागणें' म्हणतों, दुसऱ्यास 'लघवी तुंबणें'. पण उपचाराची वेळ आली कीं दोहोंस एकच तांब्या पुढें करितों, आणि चूक होते ती येथें. जळजळ होत असेल, लघवी थोडी थोडी पण होत असेल, तर भरपूर पाणी पिणें हिताचें. ती मुळींच होत नसेल तर पाणी, काढा, सरबत कांहींही देऊं नये. घटकाभरही न दवडतां रुग्णालय गांठावें. मूत्रपिंडें आपलें काम करीतच असतात आणि फुगलेलें मूत्राशय अधिकच ताणलें जातें.

सुश्रुतानें मूत्राघाताचे बारा प्रकार दिले आहेत. त्यांत वाताष्ठीला म्हणून एक आहे. गुद आणि बस्ति यांच्या मध्यें गोट्यासारखी घट्ट, न हलणारी, वर उचललेली गांठ होते आणि ती मार्ग अडविते, असें तिचें वर्णन. आजचे वैद्य ज्या प्रोस्टेट ग्रंथीचें नांव घेतात तिच्याशीं हें वर्णन पुष्कळच जुळतें. तरुणपणीं ही ग्रंथी अक्रोडाएवढी, सुमारें २० ग्रॅम वजनाची असते आणि मूत्राशयाच्या तोंडाशीं मूत्रनलिकेस वेढून बसलेली असते. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढूं लागते; साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांत ही वाढ आढळते, आणि ऐंशीच्या घरांत बहुतेकांत. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. मात्र त्याच ग्रंथींत कर्करोगही उद्भवूं शकतो. म्हणून डॉक्टर बोटानें तपासतात आणि जरूर वाटल्यास रक्ताची तपासणी सांगतात. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

माझ्या सर्दीच्या गोळीचा उलगडाही तेथेंच झाला. नाक मोकळें करणारीं कांहीं औषधें मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतात, आणि शिंका थांबविणारीं कांहीं जुनीं औषधें मूत्राशयाची ढकलण्याची शक्ति मंद करितात. वाढलेल्या ग्रंथीच्या माणसास एवढें निमित्त पुरतें.

संकोचाची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. टायको ब्राहे हा थोर ज्योतिषी १६०१ च्या ऑक्टोबरांत प्रागमध्यें एका मेजवानीस बसला असतां, मध्येंच उठणें शिष्टाचारास सोडून होईल म्हणून लघवी आवरून बसला. घरीं गेल्यावर ती उतरेना, आणि दहाअकरा दिवसांनीं तो वारला. त्याच्यावर विषप्रयोग झाला असावा अशी शंका पुढें अनेकांनीं घेतली; २०१० सालीं थडगें उघडून अवशेष तपासले, तेव्हां पाऱ्याच्या विषानें तो मेला नाहीं असें ठरलें. आपल्याकडे चरकानें सूत्रस्थानाच्या ७ व्या अध्यायांत, जे वेग आवरूं नयेत म्हणून सांगितले, त्यांत मूत्राचा वेग प्रथम घातला आहे. तो श्लोक मला मुखोद्गत होता, हें कबूल करितांना मान खालीं जाते.

याहून कपटी प्रकार माझ्या थोरल्या चुलतबंधूंच्या वांट्यास आला. त्यांस वेदना नव्हती. धोतर ओलें होई, थेंब थेंब गळे. आम्ही म्हातारपण म्हणून सोडून दिलें. वस्तुतः मूत्राशय सदैव भरलेलें राहून वरचें तेवढें सांडत होतें. मूत्रपिंडें निकामी होत आलीं तेव्हां रक्ताच्या तपासणींत तें उघडकीस आलें, आणि तोंवर फार उशीर झाला होता. सूनबाई त्यांचें धोतर रोज धूत होती. तिनें विचारावयाचें कसें आणि त्यांनीं सांगावयाचें कसें?

स्त्रियांचें दुखणें बहुधा कृच्छ्राचें. त्यांची मूत्रनलिका अवघी ४ सेंटिमीटर, त्यामुळें जंतु लवकर वर चढतात. त्यांत प्रवासांत सोय नाहीं म्हणून दिवसभर पाणीच प्यावयाचें नाहीं, ही आपल्या घरांतील लेकीसुनांची जुनी खोड. थंडी वाजून ताप, पाठींत कळ किंवा लघवींत रक्त दिसल्यास त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

माझी नळी तिसऱ्या दिवशीं निघाली. दोन गोळ्या चालू आहेत. एक स्नायू सैल करिते, तिचा गुण आठवड्याभरांत आला. तिनें कधीं चक्कर येते म्हणून मी खाटेवरून सावकाश उठतों. दुसरी ग्रंथी लहान करिते, तिला सहा महिने लागतील असें सांगितलें आहे. नाहींच भागलें तर मूत्रमार्गांतूनच दुर्बीण घालून वाढलेला भाग कापून काढितात, पोट फाडावें लागत नाहीं. त्यासाठीं नागपूर जवळ आहे.

डॉक्टरांनीं तीन दिवस किती वाजतां आणि किती मिलिलिटर, हें लिहून आणावयास सांगितलें. वही नातवानें आखून दिली. वर ठळक अक्षरांत त्यानें मथळा घातला आहे : 'आजोबांची एकी'.