ढिल्या बेअरिंगांचा डबा

संपादकांनी मला गोसीखुर्दला धाडलं ते धरणासाठी. पावसाळ्याच्या तोंडावर वैनगंगेवरच्या ३३ दरवाजांवर काहीतरी लिहा, असा निरोप होता. धरणाची कुंडली सगळ्यांना ठाऊक आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी पायाभरणी केली. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर मिळून अडीच लाख हेक्टर ओलिताखाली आणण्याचा संकल्प होता, आणि २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. गावं उठली, नवी गावठाणं वसली, कालव्यांची कामं लांबत गेली. एवढं वहीत उतरवून मी पवनीकडे जाणाऱ्या काळी-पिवळीत बसलो आणि धरण मागे राहिलं.

कारण गाडी रडत होती. ड्रायव्हरने पाय दाबला की मागच्या सीटखालून हूऽऽ असा सूर निघायचा, पाय काढला की गप्प. "क्राऊन-पिनियन गेला जी," तो म्हणाला. म्हणजे मागच्या एक्सलमधली एक मोठं, एक छोटं अशी दातेरी चक्रांची जोडी. माझ्या पायाशी जुन्या लुंगीत गुंडाळलेलं जे जड बोचकं होतं, तोच नागपूरहून आणलेला नवा जोड. पॅसेंजर उतरले की गाडी थेट मिस्त्रीकडे जाणार होती. मीही गेलो. एका दुपारचं काम म्हणून थांबलो आणि दोन दिवस बसलो.

गॅरेज म्हणजे कडुनिंबाखाली टिनाचं छप्पर. मिस्त्री साठीचे, कानाला विडी लावावी तशी पेन्सिल लावलेली. काळी-पिवळीच्या, म्हणजे जुन्या कमांडर जीपच्या, मागच्या एक्सलचं झाकण त्यांनी सोडलं आणि तेल ट्रेमध्ये ओतलं. ते तेल नव्हतंच, दूध जास्त झालेला चहा होता. "नाल्यातून घातली ना?" ड्रायव्हर काही बोलला नाही. धानाच्या हंगामात इकडे कोणती गाडी पाण्यातून जात नाही? तापलेला एक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आक्रसते आणि बाहेरचं ओढते. हवा जायची-यायची नळी चिखलाने बुजली असेल, तर सीलच्या कडेनं पाणी आत जातं. मग नव्वद नंबरचं तेल फेसाळतं, आणि जिथे पोलाद पोलादावर दाबानं सरकतं तिथे वंगणाचा पापुद्रा टिकत नाही.

सरकतं हा शब्द महत्त्वाचा. या गिअरमधला पिनियन क्राऊनच्या मध्यावर नसतो, जरा खाली बसवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घासत जातात. म्हणून क्राऊन आणि पिनियन कारखान्यातच जोडीनं घासून तयार करतात आणि दोघांवर एकच नंबर कोरतात. जुन्या विलीज जीपच्या एका प्रकारात पिनियनला ८ आणि क्राऊनला ४३ दात असत. दोन्ही आकड्यांना समान भाजक नाही, त्यामुळे फिरता फिरता प्रत्येक दाताची दुसऱ्या बाजूच्या प्रत्येक दाताशी गाठ पडते. एकाच दातावर झीज साचू नये म्हणून केलेली ही योजना मला फार आवडली.

ड्रायव्हरचा हिशेब साधा होता: दात झिजले, दात बदला. बेअरिंग तर फिरतायत. मिस्त्रींनी जुनी बेअरिंग केरोसिनमध्ये धुतली, एक रोलर उन्हात धरला आणि माझ्या तळहातावर ठेवला. पृष्ठभागावर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे. क्राऊनच्या दातांचा जो चुरा झाला होता, तो तेलाबरोबर फिरून इथे चिरडला गेला होता. "दात नवे अन् बेअरिंग जुनी? नवरदेव नटवला अन् घोडा लंगडा आनला."

खड्डे एकवेळ सोडा. मला नंतर कळलं ती गोष्ट अशी की, पिनियन क्राऊनपासून किती अंतरावर उभा राहणार हे ठरवते बेअरिंगच. निमुळत्या रोलरची ही बेअरिंग, जिचं पेटंट हेन्री टिमकेनने १८९८ मध्ये घेतलं, आडवा आणि उभा असे दोन्ही भार झेलते. पण जसजशी झिजते तसतसा तिचा कोन, म्हणजे आतलं निमुळतं कडं, बाहेरच्या कपात खोल बसत जातो. दोन-तीन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन-तीन हजारावे भाग. तेवढ्यानं पिनियन जागेवरून हलतो. जुन्या बेअरिंगवर नवे दात बसवणं म्हणजे झिजलेल्या पट्टीनं कापड मोजणं.

आता तो डबा. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा मिस्त्रींनी उघडला तेव्हा वाटलं भंगार असेल. आत निकामी झालेली बेअरिंग होती, पण प्रत्येक ग्राइंडरवर घासलेली. काहींचे कोन आतून मोठे केलेले, काहींचे कप बाहेरून उतरवलेले, म्हणजे हातानं सरकवून बसतात आणि हातानं निघतात. खरी बेअरिंग घट्ट असते. ती तेलात तापवून चढवावी लागते, पुलर लावून ओढावी लागते, आणि ओढताना बऱ्याचदा पिंजरा वाकतो. अंतर जुळेपर्यंत पाच वेळा काढ-घाल करायची तर ती ढिल्यांवर करायची, आणि सगळं जमलं की नवी चढवायची.

जुळवतात ते शिमनं, कागदाइतक्या पातळ पोलादी चकत्यांनी. मिस्त्री त्यांना 'सिम' म्हणतात, झाडीबोलीत श चा स होतोच. "दोन सिम टाक," असं ऐकून मी आधी मोबाईलकडे पाहिलं होतं.

दात नीट भिडतात की नाही हे पाहायला त्यांनी तेलात शेंदूर कालवला. मारुतीला लावतात तोच रंग. क्राऊनच्या चार दातांना बोटानं फासला, पिनियन फिरवला, आणि शेंदरावर जी लांबट खूण उमटली तिच्यावर दोघंही वाकलो. खूण दाताच्या शेंड्याशी आली तर पिनियन लांब आहे, मुळाशी गेली तर जास्त जवळ. ती मध्यावर हवी. पहिल्यांदा शेंड्याला आली. एक शिम वाढवली, झाकण पुसलं, पुन्हा शेंदूर. दुसऱ्यांदा मुळाशी. तिसऱ्यांदा मध्यावर, पण टाचेकडे, म्हणजे दाताच्या बाहेरच्या टोकाकडे, सरकलेली. मग क्राऊन आत-बाहेर करून दोन दातांमधला खेळ बघायचा. आठ थाऊ, म्हणजे जेमतेम ०.२ मिलीमीटर. डायलची सुई हलली की मिस्त्री श्वास धरून बसायचे आणि मीही नकळत धरायचो.

चौथ्या शेंदराला खूण बसली. संध्याकाळ झाली होती. ड्रायव्हर खाटेवरून उठला, कारण त्याच्या दृष्टीनं काम संपलं होतं.

माझा अंदाजही तोच होता. आता नवी बेअरिंग चढवायची. मिस्त्रींनी खोका बाजूला टाकून कड्यावर कोरलेला नंबर चष्म्याजवळ नेऊन वाचला. खोक्यांच्या नकला बाजारात मुबलक आहेत. नंतर नवी बेअरिंग आणि डब्यातली ढिली मायक्रोमीटरमध्ये एकामागून एक धरली. नवी दोन थाऊ जाड निघाली.

म्हणजे सगळा हिशेब दोन थाऊनं चुकला होता. ड्रायव्हर म्हणाला, "दोनच तं आहे मिस्त्री." मिस्त्रींनी त्याच्याकडे न बघता शिमच्या पुडक्यातून आतल्या चकतीपेक्षा दोन थाऊनं पातळ चकती शोधायला घेतली. ती नव्हती. तीनची होती, पाचची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भंडाऱ्याहून येणाऱ्या बसबरोबर मागवली, आणि ती येईपर्यंत साडेअकरा वाजले.

ती पातळ चकती आधीच्या जागी घातली, जुन्या बेअरिंगचं कडं घासून केलेल्या ठोकणीनं नवा कप बसवला. कप सरळ बसला की हातोड्याचा आवाज बदलतो, भरीव येतो. हाताखालच्या पोऱ्याला मिस्त्रींनी तो आवाज तीनदा ऐकवला. मग पिनियनचा नट आवळला आणि फ्लँजला सुतळी गुंडाळून तिच्या टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवला. मिरची तोलतात तोच काटा. सुतळी ओढली की पिनियन फिरतो आणि तो किती जड फिरतो ते काट्यावर दिसतं. नवी बेअरिंग जरा आवळूनच ठेवावी लागते, धावून ती थोडी सैलावते. ढिली राहिली तर पिनियन डुलतो, फार आवळली तर तापून निळी पडते. काटा पाच किलोच्या जरा खाली थांबला. मिस्त्रींनी मान हलवली, पुन्हा ओढलं, पुन्हा तिथेच.

शेवटचा शेंदूर लावला. खूण मध्यावर, बदामाच्या आकाराची. ड्रायव्हर तेलाचा डबा उघडायला धावला, तेव्हा मिस्त्रींनी त्याला आधी नळीतला चिखल तारेनं काढायला बसवलं. आणि काढलेल्या बेअरिंगमधली त्यातल्या त्यात बरी एक पोऱ्याकडे टाकली.

"आतून घास. हरूहरू."