जिनेव्हाचा कागद आणि आपली सही

स्त्रियांच्या हक्कांचे आंतरराष्ट्रीय करार म्हटले की गेटसभेत हटकून एकजण विचारतो, “जिनेव्हाच्या कागदाने आमच्या बायांचा पगार वाढणार का?” प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे करार मान्य झाला म्हणून तो आपोआप कायदा होत नाही. तो संसदेला करावा लागतो.

समान मोलाच्या कामाला समान वेतन, हा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा शंभरावा करार १९५१ चा. भारताने तो १९५८ साली मान्य केला आणि कायदा केला १९७६ साली! तोही आखडत्या हाताने. करार म्हणतो ‘समान मोलाचे’ काम. कायदा म्हणाला ‘तेच किंवा तशाच स्वरूपाचे’ काम. २०१९ च्या वेतन संहितेतही शब्द तेच राहिले.

तरी त्या कायद्याच्या बळावर मुंबईच्या मॅकिनॉन मॅकेन्झी कंपनीतील एका लघुलेखिकेने दाद मागितली. तेच काम करणाऱ्या पुरुषांना पगार जास्त होता. कंपनीने दोन ढाली पुढे केल्या : आम्हांला परवडत नाही, आणि हे पगार युनियनशी झालेल्या कराराने ठरले आहेत. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही झिडकारल्या.

ती दुसरी ढाल वाचताना माझी मान खाली गेली. एका कारखान्यात मीच तशा करारावर सही केली होती. पुरुष गाडीत खोके चढवीत. बाया ते भरून, बांधून, उचलून रचीत. बायांची श्रेणी खालची, कारण म्हणे ‘हलके काम’. एक बाई म्हणाल्या, “दादा, खोका तोच, वजन तेच, मग हलके कशावरून?” मला उत्तर सुचले नाही.

पुढच्या वाटाघाटींत मालकांचे वकील म्हणाले, काम वेगळे, तेव्हा कायदा लागत नाही. इथे जिनेव्हाचा कागद उपयोगी पडला. त्याचे तिसरे कलम प्रत्यक्ष कामावरून मोल जोखायला सांगते. आम्ही खोका आणि वजनकाटाच टेबलाशी आणून ठेवला. पाळीत किती खोके उचलले जातात याचा हिशेब त्या बाईंनीच तोंडपाठ दिला. तीन महिने घासाघीस झाली. ‘हलके काम’ हे शब्द गेले, श्रेणी एक झाली. मागच्या वर्षांचा फरक मात्र आम्हांला मिळवता आला नाही.