एकट्याला न पेलणारं

भोसरीतल्या माझ्या शेडमध्ये बुशचा एक लॉट तयार होऊन पडला होता. बाहेरचा व्यास, आतला बोअर, सगळं मायक्रोमीटर आणि बोअर गेजनं तपासून झालेलं. माल घेणाऱ्या कंपनीच्या क्वालिटी विभागातून फोन आला, ‘सीएमएम रिपोर्ट जोडलाय ना?’ सीएमएम म्हणजे तीन अक्षांमध्ये जॉबला स्पर्श करून माप घेणारं यंत्र. थंड खोलीत, ग्रॅनाइटच्या टेबलावर बसवलेलं. तेव्हा माझ्याकडे दोन लेथ, एक ड्रिल आणि एक जुनं मिलिंग होतं. ही चारही यंत्रं विकली असती तरी ते एक यंत्र आलं नसतं. मी नमुन्याचे पाच बुश तेलकट कागदात गुंडाळले, स्कूटरच्या डिकीत टाकले आणि चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये गेलो. तिथल्या मुलानं बुश लगेच तपासायला घेतले नाहीत. ‘काका, आधी खोलीत निवू द्या,’ म्हणाला. माप 20 अंश सेल्सिअसला घ्यायचं असा जगभरचा नियम आहे, आणि माझे बुश मेच्या उन्हातून आले होते. दुपारी रिपोर्ट हातात पडला. लॉट पास झाला.

हे ऑटो क्लस्टर कुणा एका कारखानदाराचं नाही. औद्योगिक वसाहतींतल्या पायाभूत सोयी सुधारण्यासाठी केंद्र सरकारनं 2003 साली एक योजना काढली. तिच्या निधीतून, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि मराठा चेंबर ही पुण्यातली उद्योगसंघटना यांच्या सहभागातून ते उभं राहिलं. उद्योगसंघटना देशाच्या विकासासाठी काय करतात असं कुणी विचारलं, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीवर बोलणारे सुटाबुटातले अध्यक्ष येतात. माझ्या डोळ्यांसमोर त्या थंड खोलीतलं ग्रॅनाइटचं टेबल येतं. एकट्याला पेलणार नाही ते दहाजणांनी मिळून उभं करणं, हे संघटनेचं पहिलं काम. बाकीचं सगळं त्यानंतर.

ही समज पुण्याला नवी नाही. 1890 साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी पुण्यात औद्योगिक परिषद भरवली. पश्चिम भारताच्या औद्योगिक संघाची स्थापनाही त्याच वर्षीची. दोन वर्षांनी डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात रानड्यांनी सांगितलं, की इंग्लंडसाठी लिहिलेलं अर्थशास्त्र हिंदुस्थानला जसंच्या तसं लागू पडत नाही. इथे उद्योग रुजवायचे तर सरकारनं हात द्यायला हवा. पण सरकार परकं. मग लोकांनीच आधी एकमेकांना हात द्यायचा, असा मार्ग निघाला. अंताजी दामोदर काळ्यांनी गावोगाव फिरून प्रत्येकाकडून एकेक पैसा गोळा करायचं ठरवलं. लोकमान्यांनी पाठबळ दिलं, आणि त्या पैसा फंडातून 1908 साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. त्यानं किती बाटल्या आणि चिमण्या बनवल्या यापेक्षा मला मोठं वाटतं ते वेगळंच. भट्टीसमोर उभं राहून काच फुंकायला शिकलेली माणसं तिथून बाहेर पडली आणि देशात ठिकठिकाणी काच कारखाने चालवू लागली. पैसा लोकांचा होता, म्हणून विद्याही कुलूपबंद राहिली नाही.

मुंबईत संघटना याच्याही आधी आल्या, पण त्यांची जातकुळी वेगळी. 1836 चं बॉम्बे चेंबर मुख्यतः युरोपीय व्यापाऱ्यांचं. गिरणीमालकांची संघटना 1875 ची. देशी व्यापाऱ्यांचं इंडियन मर्चंट्स चेंबर 1907 चं. पुढे 1927 साली गांधीजींच्या सल्ल्यावरून घनश्यामदास बिर्ला आणि पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी फिक्की उभी केली. त्याच वर्षी वालचंद हिराचंदांच्या पुढाकारानं महाराष्ट्र चेंबर निघालं. तिकडे कलकत्त्यात 1895 सालीच पाच अभियांत्रिकी कंपन्यांनी एकत्र येऊन संघ काढला होता. सरकारी ऑर्डरी विलायतेला जातात, त्या इथल्या कारखान्यांना द्या, ही त्यांची मागणी. 1974, 1986 आणि 1992 मध्ये नावं बदलत त्याच संघाची आजची सीआयआय झाली.

गिरणीमालकांच्या संघटनेची एक गोष्ट मात्र थांबून सांगायला हवी. लँकेशायरच्या कापडाला त्रास नको म्हणून 1896 पासून हिंदुस्थानी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी होती. ती उठावी म्हणून ही संघटना वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या करत होती. 1925 साली मंदीचं कारण देऊन मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. अबकारी गेली तर कपात मागे घेऊ, असंही सांगितलं. दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले आणि अडीच महिने गिरण्यांची धुराडी थंड राहिली. डिसेंबरात सरकारनं अबकारी स्थगित केली, कपात मागे घेतली गेली आणि गिरण्या पुन्हा सुरू झाल्या. इतिहासात हा देशी उद्योगाचा विजय म्हणून नोंदला आहे, आणि तो होताच. पण तो विजय गिरणगावातल्या चाळींनी उपाशी राहून मिळवून दिला. उद्योगसंघटनांच्या यशाचा हिशेब मांडताना ही बाजू सोडून चालणार नाही.

1934 साली पुण्यात आ. रा. भटांनी मराठा चेंबर स्थापन केलं. तेव्हाचं पुणं म्हणजे पेन्शनरांचं, विद्यार्थ्यांचं, तांबट आळीतल्या ठोक्यांचं गाव. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स खडकीत यायला अजून बारा वर्षं होती, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सला वीस, एमआयडीसीला अठ्ठावीस. उद्योग जमल्यावर संघटना निघते हा नेहमीचा क्रम. भटांनी तो उलटा केला, आणि मला याचंच सर्वांत जास्त अप्रूप वाटतं. पुढे चेंबरनं ‘संपदा’ हे मासिक चालवलं आणि कारखानदारीतले विषय मराठीतून लिहिले. इंग्रजी परिपत्रक वाचताना ज्याची जीभ अडखळते, त्या लेथवाल्यापर्यंत कायदा, कर आणि यंत्रविद्या पोचवायचा तोच रस्ता होता.

चेंबरचं रोजचं काम कुणाला दिसत नाही. परदेशात माल पाठवायचा तर तो भारतात तयार झाला असं सांगणारा उगम दाखला अनेकदा लागतो. तेव्हा त्यावर चेंबरचा शिक्का पडल्याशिवाय तिकडचं कस्टम्स बहुतेक वेळा माल सोडत नसे. माझ्या शेजारच्या शेडमधून आखाती देशांत पंपांचे सुटे भाग जायचे. त्या दाखल्यासाठी त्यांचा पोऱ्या सकाळी फाइल घेऊन निघायचा आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत परत यायचा. असे किती दाखले निघाले आणि त्यांवर किती माल देशाबाहेर गेला, याच्या बातम्या होत नाहीत.

आता विजेबद्दल. 2005-06 साली महाराष्ट्रात विजेचा तुटवडा इतका वाढला, की भारनियमनाचं वेळापत्रक दाराला चिकटवावं लागे. लेथवर जॉब अर्ध्यात असताना वीज गेली की टूल जॉबमध्ये रुतून बसतं. वीज परतल्यावर बहुतेक वेळा टूलही जातं आणि जॉबही. मोठ्या कंपन्यांचं तसं नव्हतं. त्यांच्याकडे डिझेल जनरेटर होते. त्या वेळी पुण्यातल्या सीआयआयच्या मंडळींनी हिशेब मांडला. शहराला कमी पडणारी वीज सुमारे 90 मेगावॅट, आणि त्याहून जास्त क्षमतेचे जनरेटर कंपन्यांच्या आवारात नुसते उभे. मागणी चढते त्या तासांत कंपन्यांनी आपले जनरेटर चालवायचे आणि महावितरणच्या विजेतला आपला वाटा शहरासाठी सोडायचा. डिझेलची वीज महाग, म्हणून फरकाची रक्कम जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांकडून थोड्या जादा आकारानं वसूल करायची. कमी वापराच्या घरांवर बोजा टाकायचा नाही. वीज नियामक आयोगापुढे सुनावणी झाली, आयोगानं 2006 मध्ये परवानगी दिली, आणि पुणं भारनियमनातून सुटलं. देशभर ते ‘पुणे मॉडेल’ म्हणून ओळखलं गेलं.

डिझेल जाळून मिळवलेली वीज हा काही कायमचा उपाय नव्हता, आणि जादा आकार देणाऱ्यांची कुरकुर मी माझ्या घरातही ऐकली. तरी या प्रकाराचं मोल मला फार वाटतं. कारण तिथे संघटनेनं सरकारकडे काही मागितलं नाही. आमच्याकडे हे आहे, ते घ्या आणि असा हिशेब लावा, असं ती म्हणाली. तेही सगळे आकडे उघड सुनावणीत ठेवून. 2021 च्या एप्रिल-मेमध्ये ऑक्सिजनसाठी माणसं दारोदार फिरत होती. मराठा चेंबर आणि पुण्यातल्या उद्योजकांच्या कोविड व्यासपीठानं ‘मिशन वायू’तून परदेशातून कॉन्सन्ट्रेटर आणले, तेव्हा तीच वृत्ती पुन्हा दिसली. आमच्या गल्लीतल्या दवाखान्यात त्यातलं एक यंत्र दिवसरात्र गुरगुरत होतं. एकट्यादुकट्या कारखानदारानं असं यंत्र आणायचं म्हटलं असतं, तर विमानाच्या मालात जागा कुठून मिळवली असती?

गुणवत्तेच्या बाबतीतही संघटनांनी मोठं काम केलं. 1991 नंतर दारं उघडली. परदेशी गाड्या येणार, आपले सुटे भाग टिकणार नाहीत, अशी धास्ती होती. 1993 साली राहुल बजाज आणि मुंबईतले काही उद्योगपती समान संधी मागत होते. त्यांना ‘बॉम्बे क्लब’ असं नाव पडलं. सीआयआयचा कल मात्र उदारीकरणाच्या बाजूनं होता. तेच बजाज पुढे 1999 साली दुसऱ्यांदा सीआयआयचे अध्यक्ष झाले. मतभेद असूनही माणूस त्याच घरात राहू शकला, हे मला त्या संघटनेचं बळ वाटतं. त्याच सुमारास सीआयआयनं जपानी गुणवत्तातज्ज्ञ प्रा. योशिकाझू त्सुदा यांच्या मार्गदर्शनाखाली पुरवठादारांचे गट बांधले. एका गटातले कारखानदार आळीपाळीनं एकमेकांच्या शॉप फ्लोअरवर जायचे. रिजेक्शन कुठे होतं आणि का होतं, ते एकमेकांना दाखवायचे. आपली चूक शेजाऱ्याला दाखवणं आपल्याकडे किती अवघड असतं, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. 1998 साली सुंदरम-क्लेटनला गुणवत्तेसाठीचं डेमिंग पारितोषिक मिळालं, ते भारतातलं पहिलं. त्यानंतर वाहनांच्या सुट्या भागांच्या कितीतरी भारतीय कंपन्यांनी ते मिळवलं.

कोल्हापुरात प्रश्न वाळूचा होता. फाउंड्रीत साच्याची वाळू वापरून झाली की तिचे ढीग लागतात. ती टाकायची कुठे, आणि नवी आणायची किती? तिथल्या फाउंड्री क्लस्टरनं वापरलेली वाळू स्वच्छ करून परत साच्यात जाईल असा सामायिक प्रकल्प केला.

कौशल्याच्या कामात मात्र माझं समाधान होत नाही. 2007 नंतर 1396 सरकारी आयटीआय उद्योगांच्या भागीदारीत सुधारायचे ठरले, प्रत्येकी अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळालं. राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळात 51 टक्के वाटा उद्योगसंघटनांना दिला गेला. आराखडा चांगला होता. पण माझ्या शेडमध्ये आलेल्या मुलांना व्हर्नियर कसं वाचायचं हे अजूनही मलाच शिकवावं लागतं. आणि ही मुलं मोठ्या कंपनीत गेली तर कंत्राटावर जातात, सहा-सात महिन्यांनी परत येतात. कंत्राटी मुलाला कायम कधी करायचं, हा विषय संघटनांच्या बैठकांत मी फारसा ऐकलेला नाही.

आता माझ्या मनातला खरा विषय. 2006 च्या कायद्यानं सूक्ष्म आणि लघू उद्योगांचं बिल 45 दिवसांत द्यावं असं बंधन घातलं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. ऑक्टोबर 2017 मध्ये केंद्रानं तक्रारींसाठी ‘समाधान’ पोर्टल उघडलं. तरीही एका मोठ्या ग्राहकाकडे माझं बिल 140 दिवस अडकलं. फोन केला की अकाउंट्सवाला म्हणायचा, ‘पुढच्या रनमध्ये घेतो.’ बायकोच्या नावची एफडी मोडून मी पगार केले. पोर्टलवर तक्रार केली नाही. केली असती तर पैसे आले असते, पुढची ऑर्डर आली नसती. माझ्यासारखे शेकडो जण याच कारणानं गप्प बसतात.

2023 च्या वित्त कायद्यानं आयकरात बदल झाला. सूक्ष्म-लघू उद्योगाचं बिल ठरल्या मुदतीत दिलं नाही, तर पैसे प्रत्यक्ष दिले जातील त्याच वर्षी तो खर्च वजा मिळणार. 2024 च्या मार्चमध्ये माझा फोन सारखा वाजत होता. सगळ्यांना माझ्या लघुउद्योग नोंदणीचा ‘उद्यम’ नंबर हवा होता, आणि जुनी बिलं एकापाठोपाठ एक मोकळी झाली. एका खरेदी विभागानं मात्र सुचवलं, ‘नोंदणी काढून टाका ना, आपल्या दोघांनाही सोपं.’ काही व्यापारी संघटनांनी तर ही तरतूद पुढे ढकलावी अशी मागणी केली. त्यांच्यावर मी रागावत नाही. संघटनेच्या एकाच टेबलाभोवती पैसे देणारा बसतो आणि ज्याचे थकलेत तोही बसतो. वर्गणी आणि प्रायोजकत्व मोठ्याचं जास्त, बोलायला उभं राहायची सवयही त्याचीच. त्यामुळे करसवलतीचं निवेदन एकमतानं जातं, आणि थकलेल्या बिलांचा विषय ‘इतर विषय’मध्ये, चहा आल्यावर निघतो.

भोसरीत गुरुवारी सुट्टी असते, म्हणून आमच्या संघटनेची बैठकही गुरुवारीच. दिवाळीनंतरच्या बैठकीसाठी मी लेखी विषय दिला आहे. सभासदांनी 45 दिवसांवर गेलेली बिलं संघटनेच्या कार्यालयात बंद पाकिटात द्यावीत. संघटनेनं ती ग्राहकनिहाय एकत्र करावीत, आणि एकाही सभासदाचं नाव न घेता एकूण थकबाकीचं पत्र आपल्या लेटरहेडवर त्या ग्राहकाच्या संचालकांना पाठवावं. तीस दिवसांत पैसे आले नाहीत, तर पोर्टलवरची तक्रार, वकील आणि सुनावणीच्या खेपा संघटनेच्या खर्चानं व्हाव्यात. सचिवांनी विचारलं, अनुमोदन कोण देणार? शेजारच्या गल्लीत प्लेटिंगचं काम करणाऱ्या ताई म्हणाल्या, ‘माझी सही घ्या.’ त्यांचंही बिल अडकलेलं आहे, चार महिने झाले.