सुटीच्या एका दिवसात हैदराबाद: मध्यरात्रीच्या गाडीचे तिकीट कोणत्या तारखेचे?

सुटी एकाच दिवसाची, मुलांना चारमिनार पाहायचा आहे आणि हॉटेलचा खर्च नको. नांदेडकरांना रेल्वेने हे जमू शकते. लातूरकरांना जुळवाजुळव थोडी अधिक करावी लागते. मात्र तिकिटाची तारीख एका दिवसाने चुकली, तर सहल फलाटावरच संपते.

हैदराबादच का?

नांदेडहून मुंबई रेल्वेने सुमारे ६०० किलोमीटर, तर हैदराबाद २८० किलोमीटरच्या आसपास आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याची राजधानी हैदराबाद होती. १९०० च्या सुमारास सुरू झालेला मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गही निजामाच्या राज्यातूनच टाकलेला. आज हैदराबाद तेलंगणाची राजधानी असली, तरी उपचार, खरेदी आणि नातेवाइकांसाठी जाणे-येणे सुरूच आहे.

एक दिवस पुरतो का?

युरोपात पॅरिस ते ब्रसेल्स हे ३०० किलोमीटरचे अंतर रेल्वे दीड तासाच्या आत कापते. त्यामुळे तिकडे नाश्ता करून निघालेला माणूस दुसऱ्या देशाची राजधानी पाहून रात्री घरी येतो. आपल्याकडे तेवढ्याच अंतराला पाच तास किंवा त्याहून अधिक लागतात. म्हणून प्रवास रात्री करावा लागतो. मनमाडहून रात्री निघणारी अजिंठा एक्स्प्रेस मध्यरात्रीनंतर नांदेडला येते आणि सकाळी काचीगुड्याला पोहोचते. परतीची गाडी संध्याकाळी काचीगुड्याहून सुटते. मधला पूर्ण दिवस शहरासाठी मिळतो.

तारखेची गफलत कुठे होते?

समजा, गाडी शनिवारी रात्री मनमाडहून निघाली. नांदेडला ती येते तेव्हा १२ वाजून गेलेले असतात, म्हणजे रविवार लागलेला असतो. नांदेडहून बसणाऱ्याचे तिकीट रविवारच्याच तारखेचे हवे. 'शनिवारी रात्री निघायचे' म्हणून शनिवारचे तिकीट काढले, तर ती गाडी शुक्रवारच्या रात्रीनंतरच निघून गेलेली असते.

तत्काळ तिकिटाचा हिशेब याहून वेगळा आहे. तत्काळ आरक्षण गाडी मूळ स्थानकाहून सुटण्याच्या आदल्या दिवशी उघडते. त्यामुळे नांदेडहून रविवारी पहाटे बसायचे असेल, तर तत्काळ शुक्रवारीच काढावे लागते: वातानुकूलित डब्यासाठी सकाळी १०, स्लीपरसाठी ११ वाजता. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी खाते आधारशी पडताळलेले असणे आवश्यक आहे. साधे आरक्षण ६० दिवस आधी मिळते. जोडून सुट्या येत असतील, तर जाण्याचे आणि परतीचे तिकीट एकदमच काढावे.

लातूरकरांनी काय करावे?

लातूर शहराचे स्थानक कुर्डुवाडीकडे जाणाऱ्या मार्गावर आहे. उदगीर, भालकी, बीदर, विकाराबादमार्गे हैदराबादला जाणारा मार्ग लातूर रोड स्थानकावरून जातो, आणि ते शहरापासून ३० किलोमीटरहून अधिक दूर आहे. तिकिटावर 'लातूर' आहे की 'लातूर रोड', हे आधी पाहावे. हडपसरहून लातूरमार्गे जाणारी गाडी रोज नसते. ती आपल्या सुटीच्या दिवशी आहे का, आणि परतीची कधी आहे, हे दोन्ही तपासूनच बेत ठरवावा. एक बाजू रेल्वेने आणि दुसरी एसटीने, असाही मार्ग काढता येतो. उदगीरकरांचे स्थानक मात्र थेट हैदराबादच्या मार्गावरच आहे.

दिवसभरात काय पाहता येईल?

काचीगुड्याहून चारमिनार सुमारे पाच किलोमीटर आहे. मेट्रो अद्याप चारमिनारपर्यंत जात नाही, तेव्हा रिक्षा सोयीची. १५९१ चा चारमिनार, शेजारची मक्का मशीद, लाड बाजार, चौमहल्ला राजवाडा आणि सालारजंग संग्रहालय एकमेकांपासून फार दूर नाहीत. १९५१ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय नीट पाहायचे तर अर्धा दिवस त्यालाच द्यावा. संग्रहालय आणि चौमहल्ला दोन्ही शुक्रवारी बंद असतात. त्यामुळे सुटी शुक्रवारी आली, तर गोवळकोंडा किल्ला निवडावा. तिथला सायंकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम मात्र परतीच्या गाडीच्या वेळेत बसत नाही.

निघण्यापूर्वी

गाड्यांच्या वेळा आणि सुटण्याची स्थानके बदलत असतात. सिकंदराबाद, काचीगुडा आणि हैदराबाद (नामपल्ली) ही तीन वेगळी स्थानके आहेत. परतीची गाडी कुठून सुटते, हे त्याच दिवशी सकाळी चौकशी क्रमांक १३९ वर विचारून घ्यावे. जुन्या शहरातील गर्दी लक्षात घेता, गाडीच्या किमान दीड तास आधी चारमिनारचा परिसर सोडावा.