पांढरे केस आणि डोक्याची खाज: संशय नेमका कोणावर घ्यावा?

शनिवारी मराठी मंडळाचा कार्यक्रम असतो, म्हणून शुक्रवारी रात्री कलप लावला जातो. कार्यक्रम उत्तम पार पडतो, छायाचित्रेही चांगली येतात. सोमवारी कार्यालयातील बैठकीत मात्र कानामागे आणि मानेच्या वर खाज सुटते. कोणी थंडीतल्या कोरड्या हवेला दोष देतो, कोणी इमारतीतल्या जड पाण्याला, तर कोणी नव्या शाम्पूला. 'केस पिकू लागले की डोके खाजतेच' असेही सांगणारे भेटतात. आठवडाभरात खाज शमते आणि विषय मागे पडतो. महिनाभराने केसांची मुळे पुन्हा पांढरी दिसू लागतात, तेव्हा तोच कलप पुन्हा लावला जातो.

परदेशात स्थायिक झालेल्या चाळिशी-पन्नाशीतील अनेकांना हे चक्र परिचित असेल. केसांचा पांढरेपणा आणि डोक्याची खाज यांचा थेट संबंध नसतो. मात्र पांढरेपणा लपवण्याचा उपाय हेच खाजेचे कारण असू शकते, आणि त्याकडे केलेले दुर्लक्ष पुढे महागात पडते.

केस पांढरे होतात म्हणजे काय होते?

केसाचा तंतू मुळात रंगहीन असतो. त्याला काळेपणा देणारे मेलॅनिन हे रंजकद्रव्य केसाच्या मुळाशी असलेल्या विशिष्ट पेशी तयार करतात. या पेशींचा पुरवठा मूळपेशींच्या साठ्यातून होतो. तो साठा आटला की नवा केस रंगाविना उगवतो. साठा कधी आटणार, हे प्रामुख्याने आनुवंशिकतेवर ठरते. तीव्र ताणामुळे मज्जातंतूंतून स्रवणारे नॉरॲड्रेनॅलिन हा साठा झपाट्याने संपवते, हे हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2020 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. एक पांढरा केस उपटला तर त्याच्या जागी दहा येतात, या समजाला मात्र आधार नाही.

आशियाई वंशाच्या व्यक्तींमध्ये पंचविशीच्या आत केस पिकू लागले, तर त्याला अकाली पिकणे म्हणतात. अशा वेळी जीवनसत्त्व बी-12 आणि थायरॉइड यांची तपासणी करून घेणे योग्य ठरते. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घरांत बी-12ची कमतरता सहज आढळते. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्येही ती निर्माण होऊ शकते. थायरॉइडचे कार्य मंदावले तर त्वचा कोरडी पडते आणि खाज सुटते. म्हणजे पांढरे केस आणि खाज ही दोन्ही लक्षणे एकाच आजारातून उद्भवण्याची शक्यता येथे असते. एरवी ती केवळ एकाच वयात भेटतात. वय वाढते तसे त्वचेतील नैसर्गिक तेल कमी होते, स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीच्या सुमारास हा कोरडेपणा अधिक जाणवतो, आणि नेमक्या त्याच काळात केसही पिकत असतात.

कलपातील संशयित

केस कायमचे काळे करणाऱ्या बहुतेक कलपांत पॅरा-फेनिलिनडायअमाइन, अर्थात पीपीडी, हे रसायन असते. त्याचे रंगहीन सूक्ष्म रेणू केसाच्या आत शिरतात, हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्यांची क्रिया होते आणि त्यातून मोठे, रंगीत रेणू तयार होऊन केसातच अडकून बसतात. म्हणून हा रंग धुतला जात नाही. ही क्रिया पूर्ण होण्यापूर्वीचे काही रेणू त्वचेतील प्रथिनांना चिकटतात. शरीराची संरक्षणव्यवस्था त्यांना शत्रू मानू लागली, की वावडे निर्माण होते. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचाविकार तज्ज्ञांच्या संघटनेने 2006 साली पीपीडीला 'वर्षातील ॲलर्जीकारक पदार्थ' म्हणून निवडले होते.

हे वावडे ओळखू येत नाही, याचे मुख्य कारण ते उशिरा प्रकट होते. कलप लावताना लगेच होणारी चुणचुण बहुधा अमोनिया किंवा पेरॉक्साइडमुळे होते आणि थोड्या वेळात थांबते. खरे वावडे एक ते तीन दिवसांनी डोके वर काढते. शिवाय डोक्याची त्वचा जाड असल्याने तिथे नुसती खाज जाणवते. लाली, पुरळ आणि सूज कपाळ, कान, मान किंवा पापण्यांवर दिसते. त्यामुळे शुक्रवारच्या कलपाचा सोमवारच्या खाजेशी संबंध जोडणे कोणाला सुचत नाही.

'दहा वर्षे हाच कलप लावतो आहे, कधी काही झाले नाही' हा युक्तिवादही फसवा आहे. वावडे वारंवारच्या संपर्कातूनच घडते आणि ते कितव्या वेळी घडेल, हे सांगता येत नाही. गडद छटांमध्ये पीपीडीचे प्रमाण अधिक असते. काळ्याभोर केसांत पांढरी मुळे चटकन उठून दिसतात, म्हणून आपल्याकडे कलप लवकर सुरू होतो आणि वारंवार लागतो. एकदा निर्माण झालेले वावडे बहुधा आयुष्यभर टिकते आणि पुढील प्रत्येक वापरात प्रतिक्रिया अधिक तीव्र होऊ शकते.

'नैसर्गिक' या शब्दाचा फसवेपणा

'अमोनियाविरहित' म्हणजे पीपीडीविरहित नव्हे. त्याचप्रमाणे 'काळी मेंदी' ही शुद्ध मेंदी नसते. मेंदीच्या पानांचा स्वाभाविक रंग नारिंगी-तांबूस असतो. अर्ध्या-एक तासात गडद काळा रंग देणाऱ्या मेंदीत पीपीडी मिसळलेले असण्याची दाट शक्यता असते. समुद्रकिनाऱ्यावर किंवा जत्रेत मुलांच्या हातावर काढली जाणारी काळी नक्षीही याच जातीची असते. अमेरिका आणि युरोपीय संघात पीपीडी थेट त्वचेवर वापरण्यास परवानगी नाही, तरीही असे प्रकार सर्रास चालतात. लहानपणी हातावरच्या या हौशेतून जडलेले वावडे त्या मुलाला चाळिशीत पहिल्या कलपाच्या वेळी भोवू शकते.

खाजेची इतर कारणे

प्रत्येक खाज कलपाची नसते. पिवळसर, तेलकट पापुद्रे निघत असतील तर तो बहुधा कोंडा असतो. मॅलासेझिया ही त्वचेवरील बुरशी तो वाढवते आणि ही बुरशी तेलावरच जगते. त्यामुळे गावाहून आईने आठवणीने पाठवलेले तेल अशा डोक्यावर चोळल्यास कोंडा वाढण्याचाच संभव असतो. कीटोकोनॅझोलयुक्त शाम्पू त्यावर उपयुक्त ठरतो. युरोपीय संघाने मार्च 2022 पासून सौंदर्यप्रसाधनांत झिंक पायरिथिऑनवर बंदी घातली आहे. त्यामुळे भारतात गुण देणाऱ्या कोंड्याच्या शाम्पूतील घटक तिथे वेगळे असू शकतात. जाड, चंदेरी पापुद्रे सोरायसिसकडे बोट दाखवतात. शाळकरी मुले घरात असतील, तर उवांची शक्यताही संकोच न करता तपासावी.

काय करावे?

कलप लावल्याची तारीख आणि खाज सुरू झाल्याची तारीख टिपून ठेवावी. दोन-तीन वेळा तेच अंतर आढळले, तर कलप तत्काळ थांबवावा. त्वचारोगतज्ज्ञ 'पॅच टेस्ट' करतात. तीत संशयित पदार्थ पाठीवर 48 तास चिकटवून ठेवला जातो आणि नंतरच्या दिवसांत त्वचेची प्रतिक्रिया पाहिली जाते. तपासणीला जाताना कलपाच्या खोक्यावरील घटकांचे छायाचित्र सोबत न्यावे. ज्यांना अद्याप त्रास नाही, त्यांनीही प्रत्येक वेळी कलप लावण्यापूर्वी वेष्टनावर सांगितल्याप्रमाणे त्वचेवर चाचणी घ्यावी. मात्र पूर्वी प्रतिक्रिया आली असेल, तर घरी चाचणीचा प्रयोगही करू नये.

चेहरा किंवा पापण्या सुजल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. श्वास घेण्यास त्रास होत असेल, तर थेट रुग्णवाहिका बोलवावी.

वावडे सिद्ध झाल्यास पीपीडीऐवजी दुसरा कलप निवडतानाही सावध राहावे. टोल्यूइन-2,5-डायअमाइनसारखी पर्यायी रसायने त्याच कुळातील असल्याने अनेकांना तीही सोसत नाहीत. शुद्ध मेंदी आणि निळीच्या पानांची पूड हा पर्याय उरतो. तो वेळखाऊ आहे आणि त्याचा रंग कृत्रिम काळ्याइतका एकसारखा येत नाही. पीपीडीच्या वावड्याची नोंद आपल्या वैद्यकीय कागदपत्रांत करून घ्यावी आणि दंतवैद्यालाही त्याची कल्पना द्यावी, कारण बेन्झोकेनसारख्या बधिर करणाऱ्या काही औषधांनाही अशा व्यक्तींची त्वचा प्रतिक्रिया देऊ शकते.