मालवणच्या पाण्यात मासे बघायला: बोट कशी निवडायची आणि लेकरं न्यायची का

आपल्या तालुक्यातल्या एका बचत गटानं रेडिओवर आम्हाला विचारलं होतं, "आम्हाला मालवणला जाऊन समुद्रात तोंड घालून मासे बघायचेत. पोहायला कुणालाच येत नाही. लेकरं घरी ठेवून गेलं तर चालेल का? आणि बोट कोणती धरायची?" त्यावर आम्ही दोन दिवस बोललो. नंतर बऱ्याच जणींनी ते लिहून मागितलं, म्हणून इथे देत आहोत.

आम्ही स्वतः गेल्या जानेवारीत अकरा जणी जाऊन आलो. त्यातल्या सात जणींनी त्याआधी समुद्र पाहिलाच नव्हता. आपल्याला पाणी म्हणजे गोदावरी आणि बाभळी बंधारा. पुराच्या दिवसांत त्यात हात घातला तर आपलाच हात दिसत नाही. लातूरकडच्या आपल्या बहिणींनी तर एप्रिल २०१६ मध्ये रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेलं आहे. अशा मुलखातल्या बाईनं समुद्रात तोंड घालायचं म्हटलं की घरचे हसतात आणि मग घाबरतात. हसण्याकडे लक्ष देऊ नका. घाबरणं मात्र अगदीच चुकीचं नाही, म्हणून आधी सगळं समजून घेऊ.

मालवणला दोन खेळ एकाच बोटीवर विकतात, त्यांची गल्लत होते. स्कूबामध्ये पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याच्या खाली नेतात. स्नॉर्केलिंगमध्ये खाली जायचंच नसतं. अंगात जॅकेट घालून पाण्यावर पालथं तरंगायचं, डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मास्क, तोंडात एक वाकडी नळी. नळीचं एक टोक पाण्याच्या वर राहतं, तिच्यातून श्वास घ्यायचा आणि खाली बघत राहायचं. नळीत पाणी शिरलं तर जोरात फुंकलं की बाहेर पडतं. चुलीवर फुंकणी मारलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. आमच्यात सगळ्यात आधी जमलं ते आमच्या थोरल्या जाऊबाईंना, त्या आजही सकाळचं पाणी चुलीवरच तापवतात.

आता लेकरांचं. आमच्या गटात या प्रश्नावर चांगलंच वाजलं. एकीनं विचारलं, "मी मजा करायची आणि लेकरांना सासूकडे टाकायचं, बरं दिसतं का?" दुसरीचं म्हणणं, "लेकरांना पण मासे दिसू द्या की." शेवटी ठरलं ते बरं दिसतं का यावरून ठरलं नाही. पाण्यात काय होतं यावरून ठरलं. बाईचं तोंड पाण्यात असतं, कानात पाणी असतं, तिला बोटीवरचं लेकरू ना दिसतं ना ऐकू येतं. ज्या बाईचं अर्धं ध्यान बोटीकडे आहे ती दर मिनिटाला मान वर काढते, मान वर काढली की नळी वाकडी होते, पाणी तोंडात जातं आणि ती घाबरते. बोटीवर माणसं असतात तीन-चार. त्यांनी पाण्यातल्या न पोहणाऱ्या बायांना धरायचं की बोटीवरच्या लेकरांना? शिवाय मोठ्यांचा मास्क लहान तोंडावर नीट बसत नाही, पाणी झिरपतं, आणि लहान अंग पाण्यात लवकर गारठतं. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. पहिल्यांदा जाताय, पोहता येत नाही, तर त्या दोन-तीन तासांच्या बोटीवर फक्त मोठ्या बायाच असाव्यात. लेकरं मालवणला आली तर हरकत नाही. त्या वेळी एक-दोघींनी किनाऱ्यावर त्यांच्यासोबत थांबावं, दुसऱ्या दिवशी अदलाबदल करावी.

"फक्त मोठ्यांसाठी" या शब्दांबद्दल मात्र एक सावधगिरी. थायलंडकडे, कॅरिबियन बेटांकडे अशा नावाच्या बोटी निघतात आणि बऱ्याचदा त्याचा अर्थ बोटीवर दारू मिळते एवढाच असतो. गोव्यात ग्रँड आयलंडच्या काही सहलीही बिअर आणि जेवण धरूनच विकतात. पिऊन पाण्यात उतरणारा माणूस स्वतःही बुडतो आणि शेजारणीलाही धरतो. म्हणून बोटवाल्याला सरळ विचारा, "आमच्यासोबत दुसरं कोण असेल? बोटीवर पिणं चालतं का?" आणि जमलं तर अख्खी बोट आपल्याच गटासाठी घ्या. आठ-दहा जणींत वाटणी केली की फार फरक पडत नाही. ओले कपडे अंगाला चिकटलेले असताना अनोळखी माणसांसमोर बसावं लागत नाही, हा फायदा पैशात मोजता येत नाही.

बोट निवडताना काय बघायचं हे सांगण्याआधी २४ मे २०२२ ची गोष्ट आठवा. त्या दिवशी तारकर्लीला स्कूबा करून किनाऱ्याकडे परतणारी, वीस पर्यटकांची बोट उलटली. दोघांचा जीव गेला. पुढे १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि पंधरा माणसं गेली. पोहायला निघालेलं त्यात कुणी नव्हतं, सगळी नुसती बसून प्रवास करत होती. म्हणजे पाण्यात उतरतानाच जॅकेट घालायचं, असं नाही. पाय बोटीत ठेवला की जॅकेट अंगात, आणि किनाऱ्यावर पाय टेकला की मगच काढायचं. उकडतं, टोचतं, फोटो चांगला येत नाही, तरीही.

जॅकेट अंगात आहे म्हणून ते बसलंय असं समजू नका. सगळे पट्टे बांधा, मग मैत्रिणीला सांगा की खांद्यापाशी धरून वर ओढ. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते सैल आहे, दुसरं मागा. जुन्या काळी आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना कमरेला वाळका भोपळा बांधायचे. आजी सांगायच्या, भोपळा सुटला की पोर बुडालं. इथेही तेच आहे, बांधणी पक्की हवी.

आमच्यावर आलेला प्रसंग सांगतो. आम्ही आधी फोनवर एक बोट ठरवली होती आणि दर माणशी पाचशे रुपये आगाऊ पाठवले होते. किनाऱ्यावर गेलो तर अकरा बायांना पाच जॅकेटं, त्यातल्या दोनांचे पट्टे तुटलेले. बोटवाला म्हणाला, "ताई, पाणी उथळच आहे, आम्ही आहोत ना." आमच्यात दोन तट पडले. पाच हजार पाचशे रुपये म्हणजे आमच्या गटाची कित्येक महिन्यांची जोडणी, ती सोडायची कशी? अर्धा तास वाळूत उभं राहून भांडलो. शेवटी आमच्यातली सगळ्यात धाकटी, जिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, ती म्हणाली, "माय, पैसे गेले तर घरी सांगता येईल. दुसरं काही झालं तर कोण सांगणार?" आम्ही परत फिरलो. पैसे मिळाले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुसरी बोट घेतली, तीही आधी डोळ्यांनी बघून. तेव्हापासून आमचा नियम असा: आगाऊ रक्कम कमीत कमी द्यायची, आणि जॅकेटं मोजून, घालून बघितल्याशिवाय बाकीचे पैसे द्यायचे नाहीत.

बोटीवर नोंदणी क्रमांक आणि किती माणसं बसवायची तो आकडा लिहिलेला असायला हवा. महाराष्ट्र सागरी मंडळ, ज्याला तिकडे सगळे मेरीटाईम बोर्ड म्हणतात, ते परवाने देतं. आकडा नसेल तर विचारा, आणि असेल तर माणसं मोजा. आपण बाया एकमेकींच्या मांडीवर बसून जायला तयार असतो, टमटममधली सवय! इथे ती सोडायची. तांडेल, म्हणजे बोट हाकणारा, त्याच्याशी दोन शब्द बोला. त्याला विचारा, "आज वारा कसा आहे? वारा सुटला तर काय करणार?" जो म्हणतो "काही होत नाही," त्याच्यापेक्षा जो म्हणतो "सुटला तर नेणार नाही, उद्या या," तो आपल्या कामाचा. पाण्यात उतरल्यावर आपल्यासोबत किती माणसं उतरणार तेही विचारा. न पोहणाऱ्या दोघी-तिघींमागे एक माणूस पाण्यात हवा, आणि एकानं बोटीवरून नुसतं बघत बसलेलं हवं. आमच्या बोटीवर बायांना हात धरून उतरवायला मुलगीच होती, त्यामुळे लाजणाऱ्या दोघीही उतरल्या. अशी सोय आहे का ते विचारायला काही लागत नाही. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, कोणाकडे जावं हे कळत नसेल तर तिथे जाऊन चौकशी करता येते.

बोट सकाळची घ्या. दुपारनंतर समुद्राकडून वारा वाढतो, पाणी हलतं, मळमळतं आणि खालचं दिसतही नाही. पावसाळ्यात, साधारण मे महिन्याच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंत, हे खेळ बंदच असतात. त्या काळात कुणी "नेतो" म्हणालं तर तिथूनच नमस्कार करा. पाणी नितळ असतं ते दिवाळीनंतर. आपल्या हिशेबानं सोयाबीन निघालेलं असतं आणि हरभरा अजून हिरवा असतो, तोच काळ. मिरचीची तोड सुरू झाली की कुणाला सवड मिळणार?

कपड्यांचं बोलायलाच हवं. साडी नेसून पाण्यात उतरू नका. भिजलेली साडी जड होते, पायात गुंतते, बोटीच्या पंख्याजवळ तर फारच वाईट. अंगाबरोबर बसणारी सलवार किंवा लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा कुर्ता घाला, ओढणी किनाऱ्यावर ठेवा. पूर्ण बाह्यांमुळे पाठ आणि हात भाजत नाहीत, बारीकसारीक चावत नाही. सोनं घरीच. नाकातली मोरणी मास्कखाली टोचते, तीही काढा. केस घट्ट मागे बांधा, कपाळावरची एक बट मास्कच्या कडेला आली तरी पाणी आत येतं. मास्क बसतो का बघायचं तर पट्टा न लावता तोंडावर धरा आणि नाकानं श्वास आत ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर तो तुमचा. चष्मा आत मावत नाही, नंबरचा मास्क मिळतो का विचारा. कवळी असलेल्या बायांना नळी दातांत धरायला अवघड जातं, त्यांनी बोटीवर बसून बघूनच ठरवावं.

पाळी असेल तर पाण्यात उतरायला बंदी नाही, पण पॅड पाण्यात फुगून जड होतं. कप वापरायची सवय असेल तर उतरा, नसेल तर बोटीवर बसा, त्यात कमीपणा नाही. दमा, फिट, हृदयाचा त्रास, औषध घेऊनही चढणारं बीपी असेल तर निघण्याआधी डॉक्टरला विचारा आणि बोटवाल्यापासून लपवू नका. दिवस गेलेले असतील तर स्कूबा अजिबात नको. बोटीचे दणकेही चांगले नसतात, म्हणून स्नॉर्केलिंगही डॉक्टरला विचारूनच. ज्यांना एसटीत उलटी होते त्यांनी पोटभर खाऊन निघू नये, बोटीच्या मध्यभागी बसावं आणि लांब क्षितिजाकडे बघावं.

घरी थोडा सराव केला तर फार फरक पडतो. नाक चिमटीत धरून पाच मिनिटं तोंडानं सावकाश श्वास घ्या. मग मोठ्या परातीत पाणी घेऊन तोंड बुडवा आणि बुडबुडे सोडा. दहा दिवस केलं की तोंडाला पाणी लागल्यावर दचकायला होत नाही. बोटीवर खुणाही आधी ठरवून घ्या. तिकडे अंगठा वर केला तर त्याचा अर्थ "छान" नसतो, "मला वर घ्या" असा असतो. आमच्यातली एक खुशीत अंगठा दाखवत होती आणि तिला दोनदा उचलून बोटीत ठेवलं. संकटात फोन करायला तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आणि नेहमीचा ११२, दोन्ही सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

खाली काय दिसतं? पट्टेवाले, पिवळे, निळसर मासे आणि दगडासारखे दिसणारे प्रवाळ. ते दगड नव्हेत, जिवंत असतात आणि फार हळू वाढतात. त्यांच्यावर पाय देऊ नका, हातही लावू नका. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. फोटोसाठी बिस्किटं टाकून मासे गोळा करणारा बोटवाला आम्हाला आवडला नाही, तुम्हीही नको म्हणा. फोटो आणि व्हिडिओचे पैसे कुठे धरलेले असतात, कुठे वेगळे घेतात. तेही आधीच विचारून घ्या.

अकरा जणींतल्या दोघी उतरल्याच नाहीत. एक बोटीवर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसली, दुसरी तिला किनाऱ्यावरचे लोक दाखवत होती. तिसऱ्या दिवशी मात्र त्याच दोघींनी आम्हाला सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेलं. १६६४ साली शिवरायांनी बांधायला घेतलेला हा किल्ला, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. आमच्या बाया मासे पाहून बोलल्या नाहीत इतक्या त्या विहिरींपाशी बोलल्या.

जायचं कसं तर धर्माबादहून देवगिरी एक्सप्रेसनं मुंबई आणि तिथून कोकण रेल्वेनं कुडाळ, पुढे मालवण साधारण तीस किलोमीटर. एसटीनं लातूर, सोलापूर, कोल्हापूर करत गेलं तर टप्पे जास्त पडतात, पण मार्च २०२३ पासून आपल्याला तिकीट अर्धं आहे, आणि पंचाहत्तरीपुढच्यांना तर त्याआधीपासूनच फुकट. आधार कार्ड जवळ ठेवा. ते प्लास्टिकच्या पिशवीत घाला, बोटीवर नेणार असाल तर.